मत साऱ्यांचे, दाद कोणाची?

निवडणूक आली हे ओळखण्यास भातकुली तालुक्यात पंचांग पाहावे लागत नाही. ज्या गावांकडे पावसाळ्यात बंडीसुद्धा धड जात नाही तेथे मोटारींचा धुरळा उडू लागला, आणि पाच वर्षे ज्यास कोणी पुसत नव्हते त्या म्हाताऱ्यास "काका, तब्येत कशी आहे?" असा सवाल झाला, की समजावे, मताचा हंगाम आला. उमेदवारसाहेब प्रथम पाटलाच्या ओसरीवर टेकतात. चहा होतो. गावात कोणत्या जातीची किती घरे याची मोजदाद होते, आणि कोणत्या पुऱ्याची मते कोणाच्या खिशात आहेत याचा हिशोब लागतो. मग साहेब बौद्धपुऱ्यात जातात, बाबासाहेबांच्या पुतळ्यास हार घालतात, मोठ्याने 'जय भीम' म्हणतात. मांगपुऱ्याकडे गेले तर गेले. दारात उभ्या असलेल्या बायाबापड्यांना हात जोडून "माय, आशीर्वाद ठेव" एवढे म्हणतात. माय आशीर्वाद ठेवते. तिला काही विचारावयाचे असते, पण ते तिच्या तोंडातच राहते, कारण मोटार सुरू झालेली असते.

आमचे आजचे लिहिणे त्या तोंडात राहिलेल्या सवालाविषयी आहे.

तो सवाल बहुधा पाण्याचा असतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा वाचकांस सांगावयास नको. साडेआठशेहून अधिक गावे त्यात येतात, आणि आमच्या तालुक्याचा मोठा भाग त्यातच आहे. विहिरीचे पाणी ना पिकास चालते ना पोटास. मूतखडा व मूत्रपिंडाची दुखणी यांची रड या पट्ट्यात जुनी आहे. हे पाणी कोणी वाहिले? पुरुषाने क्वचित. आणि नळयोजना आली, टँकर आला, तेव्हा तो प्रथम कोणत्या पुऱ्यात उभा राहिला? आमच्या पाहण्यात असे आहे की नळाची शेवटची तोटी, जेथे पाण्याऐवजी हवाच येते, ती बहुतेक गावांत ठरलेल्या वस्तीतच असते. म्हणजे पाण्याचा हा सवाल बाईचा आहे आणि जातीचाही आहे. साहेब लोक मात्र त्याचे दोन तुकडे करतात. बाईसाठी एक मेळावा, त्यात हळदीकुंकू व एखादे भांडे. दलितांसाठी दुसरा मेळावा, त्यात जयंतीची वर्गणी. जी बाई दलितही आहे आणि बाईही आहे, तिने कोणत्या मेळाव्यास जावे?

आम्ही मास्तर लोक. परीक्षा घेणे हा आमचा धंदा. तेव्हा उमेदवारांची परीक्षा घ्यावयाची तर मागची उत्तरपत्रिका काढून पाहणे बरे, आणि ती दूर शोधावी लागत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या पापळ गावी जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांची ती आहे. विलायतेहून पदव्या घेऊन आलेला हा कास्तकाराचा पोर. १९२७ साली अमरावतीस अंबादेवीचे देऊळ अस्पृश्यांस खुले करावे म्हणून चळवळ उभी राहिली, त्या नोव्हेंबर महिन्यात इंद्रभुवन थिएटरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, आणि पंजाबराव त्या चळवळीत पुढे होते. त्याच महिन्यात त्यांनी जातीबाहेरच्या विमलाबाईंशी लग्न केले. पुढे १९२८ च्या सुमारास ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस मोकळ्या करविल्या. भाषणात 'करू' म्हणाले नाहीत. खुर्ची मिळताच केले.

आता आजचे उमेदवार आम्हांस खासगीत काय सांगतात ते ऐका. "मास्तर, तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण उघड बोललो तर आपला समाज नाराज होईल, मते जातील." हे बोलणे आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की तोंडपाठ झाले आहे. पण पंजाबरावांची मते गेली काय? १९३० साली, म्हणजे देवळाच्या चळवळीनंतर, आंतरजातीय लग्नानंतर, विहिरी खुल्या केल्यानंतर, ते प्रांताच्या कौन्सिलात निवडून गेले आणि मंत्री झाले. स्वराज्य आल्यावर १९५२, १९५७ व १९६२ असे तीन वेळा याच अमरावतीने त्यांस लोकसभेत धाडले. तेव्हाचा कुणबी, माळी, तेली आजच्यापेक्षा अधिक शिकलेला होता असे कोणी म्हणणार नाही. मग आज आमच्या नावावर हे भित्रेपण कोण खपवीत आहे? समाज नाराज होईल ही सबब समाजास न विचारता काढलेली आहे, आणि तिची खरी मालकी उमेदवाराच्या स्वतःच्या मनाकडे जाते.

बायांच्या बाबतीत वऱ्हाडाची उत्तरपत्रिका तर याहून जुनी. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' छापली. त्यांचे वडील सत्यशोधक. तरीही पुस्तक निघताच चळवळीतल्याच पुरुषांनी नाके मुरडली, आणि जोतीरावांना १८८५ साली 'सत्सार'मधून या बाईची बाजू घेऊन आपल्याच माणसांचे कान उपटावे लागले. ही गोष्ट आमच्या सभांतून सांगितली जात नाही. जोतीरावांचा फोटो चालतो, त्यांनी आमचे कान धरलेले चालत नाहीत.

त्यानंतरची गोष्ट तर अमरावतीच्या माणसांनाही ठाऊक नसते. २० जुलै १९४२ रोजी नागपुरास अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी कोण होते? अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या व्यासपीठावरून त्यांनी संततिनियमनाची बाजू मांडली. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी हे उघड सभेत बोलण्यास केवढे काळीज लागले असेल! परिषदेत ठराव झाले ते पाहा: बायकोस काडीमोडीचा हक्क हवा. एक बायको असता दुसरी करण्यास कायद्याने मनाई हवी. गिरण्यांत व विड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायांस भरपगारी रजा व म्हातारपणी पेन्शन हवे. मुलींसाठी वसतिगृहे हवीत. आणि कायदेमंडळांत व स्थानिक बोर्डांत बायांसाठी राखून ठेवलेल्या जागा हव्यात.

ज्यांना गावच्या विहिरीवर घागर टेकू देत नव्हते त्या बायांनी हे मागितले. साऱ्या जातींच्या बायांसाठी मागितले. आता राज्यकर्त्यांनी दाद किती वर्षांनी दिली याचा हिशोब मांडू, कारण उमेदवाराचे कान किती जड असतात हे मोजण्याचे आमच्यापाशी दुसरे माप नाही. काडीमोड व द्विभार्याबंदी: हिंदू विवाह कायदा, १९५५, म्हणजे १३ वर्षे. स्थानिक संस्थांत राखीव जागा: त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, अंमल १९९३, म्हणजे ५१ वर्षे, महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या २०११ साली. लोकसभा-विधानसभेत एक-तृतीयांश जागा: कायदा झाला २०२३ साली, म्हणजे ८१ वर्षे, आणि त्यालाही जनगणना व मतदारसंघांची फेररचना यांचे दावे बांधून दिले. ज्या बाईने त्या सभेत विशीत असताना टाळी वाजविली तिचे वय २०२३ साली शंभरीला आले असते.

कोणी म्हणेल, अमरावतीने तर बाया निवडून दिल्या. होय, दिल्या, आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. उषाताई चौधरी १९८० व १९८४ साली, प्रतिभाताई पाटील १९९१ साली, नवनीत राणा २०१९ साली. एवढ्या वेळा बाईस लोकसभेत पाठविणारे मतदारसंघ महाराष्ट्रात फार नाहीत. पण बाई निवडून जाणे निराळे आणि बायांची दाद लागणे निराळे. खुर्चीवर बाई बसली म्हणून निंदणाची मजुरी वाढली नाही. शिवाय वर चढावे तसतशी बाई विरळ होत जाते. २०२४ च्या विधानसभेत २८८ जागांवर निवडून आलेल्या बाया २१. त्याआधी २०१९ साली २४ होत्या. तिकीट वाटताना सर्व पक्षांस 'निवडून येण्याची ताकद' आठवते. ही ताकद म्हणजे पैसा, मोटारी आणि भावकी. बाईच्या नावावर यांपैकी काय असते?

राखीव जागांचेही तेच. अमरावतीची लोकसभेची जागा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. पण २०१९ नंतरच्या पाच वर्षांत या जागेसंबंधी जी चर्चा झाली ती बहुतेक त्या वेळच्या खासदारबाईंच्या जातीच्या दाखल्याची. मुंबई हायकोर्टाने २०२१ साली तो रद्द केला, सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये तो ग्राह्य धरला. कोर्टाचे कोर्टाने पाहिले, त्यात आम्ही पडत नाही. आमचे म्हणणे इतकेच की दाखल्यावर जितकी वर्तमानपत्रे खर्ची पडली त्याच्या दहावा हिस्सा तरी मागासवस्तीच्या नाल्या, शिष्यवृत्ती आणि भूमिहीनांची घरे यांवर पडली असती तर जागा राखीव असल्याचे सार्थक झाले असते. आणि जिल्हा परिषद? तेथे तर निम्म्या जागा बायांच्या. परंतु २०१७ साली निवडून आलेल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांवर प्रशासकाने कारभार केला. शून्याचे निम्मे किती, हे दुसरीतले पोरही सांगेल. आमच्या एकाही पुढाऱ्याने या निम्म्या बायांसाठी उपोषण केल्याचे आम्हांस स्मरत नाही.

मग 'लाडकी बहीण'. जुलै २०२४ पासून महिन्याचे १५०० रुपये. शहरातले काही शहाणे या पैशास हसतात. आम्ही हसत नाही. ज्या बाईच्या हाती आयुष्यात स्वतःच्या नावाचा पैसा आला नव्हता तिच्या खात्यात तो आला, तिने मुलीची वह्या-पुस्तके घेतली, गोळ्या-औषधे घेतली. हे खोटे नव्हे. पण निवडणुकीत त्याचे २१०० करू असे सांगितले गेले, मते पडली, आणि मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ते २१०० काही आले नाहीत. भाऊबीज भावाच्या मर्जीची असते; मर्जी फिरली की ताट रिकामे. बहिणीस हक्क म्हणून काय दिले, असे विचारले म्हणजे साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

आणि येथे वाचकहो, चष्मा थोडा आपल्याकडे फिरवू. साहेबांस शिव्या देणे सोपे आहे. पण हक्काचा विषय साहेब का काढत नाहीत? कारण समोर बसलेले मतदार भाऊ असतात. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली कायदा केला की वडिलोपार्जित वावरात मुलीचा मुलाइतकाच हिस्सा. पुढे काय घडले? तलाठ्याकडे आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रांची रीघ लागली. बाप वारला की तेराव्याच्या आसपास बहिणीस लुगडे नेसवावयाचे, गोड जेवू घालावयाचे आणि अंगठा घ्यावयाचा. सही न देणाऱ्या बहिणीचे माहेर तुटले. सांगा, कोणता उमेदवार या कचेरीच्या दारात उभा राहून "बहिणीचा अंगठा घेऊ नका" असे म्हणेल?

तरी हे अशक्य होते असे नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायांचे मोठे अधिवेशन झाले, पुढे शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली की प्रत्येक शेतकऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, आणि जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला शंभरावर कास्तकारांनी तो खरोखर केला. त्याच सुमारास विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातले मेटीखेडा येथे साऱ्या बायांच्याच ग्रामपंचायती निवडून आल्या, राखीव जागांचा कायदा नसताना. ती गावे कास्तकारांचीच होती, आणि जमीन देणारे हातही नांगर धरणारेच होते.

सातबाऱ्यावरच्या नावाची किंमत आमच्या आज्यांना कळत होती. १९२७ साली मध्यप्रांतात बायांना कौन्सिलसाठी मत मिळाले ते मालमत्तेच्या अटीवर. जिच्या नावे वावर नाही तिला मतही नाही. पुढे सर्वांस मताचा हक्क झाला, तेव्हा पहिल्या मोठ्या निवडणुकीच्या यादीतून देशभरात सुमारे २८ लाख बाया गळाल्या, कारण त्यांनी आपले नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची माय' असे सांगितले होते. आज नाव यादीत आहे. पण मत कोणास द्यावे हे अजून कितीक घरांत आदल्या रात्री धनीच सांगतो.

निंदणाचेही तसेच. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, त्यात सरकारने बाप्यास व बाईस सारख्या कामास सारखा दर ठेवला. आमच्या वावरात मात्र दिवसभर वाकून निंदणाऱ्या बाईचा रोज निराळा आणि बांधावर उभ्या माणसाचा निराळा. वेचणीच्या दिवसांत शाळेचे हजेरीपुस्तक उघडले तर वरच्या वर्गांत मुलींच्या नावापुढे गैरहजेरीच्या रेघा अधिक दिसतात. घरचे धाकटे पोर सांभाळावयास कोणी हवे, म्हणून पोरगी घरी. आणि त्या रेघा भूमिहीनांच्या वस्तीतल्या मुलींपुढे सर्वांत लांब असतात.

आता जे लिहावयाचे ते जड मनाने लिहितो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीस भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना गावाने मारले. ही आई आपले शेत राखून होती, मुलगी शिकत होती, आणि दोघी एका मारहाणीच्या प्रकरणात साक्षीला उभ्या राहिल्या होत्या. दलित असून जमीन, बाई असून तोंड. ह्या दोन्हींचा राग एकाच वेळी निघाला. मारणारे भटजी नव्हते, शेटजी नव्हते. आमच्यासारख्याच कास्तकारी घरांतले होते. पुढे शिक्षा झाल्या, हायकोर्टाने २०१० साली फाशीची जन्मठेप केली, परंतु अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा कोर्टात टिकला नाही. चार मुडद्यांत जात कोठे आहे हे न्यायासनास दिसले नाही. बहुजन म्हणविणाऱ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी त्या दिवसांत काय केले, कोण गावात आधी गेला आणि कोण हवा कोणीकडे वाहते ते पाहून गेला, हे विदर्भातल्या ज्या वस्त्यांनी लक्षात ठेवावयाचे त्यांनी ठेवले आहे. उमेदवाराची खरी परीक्षा अशाच वेळी होते. आरोपी आपल्या जातीचे आणि मते आपल्या जातीची, तेव्हा तो पोलीस ठाण्यात कोणाच्या बाजूने जातो? ही परीक्षा बहुतेक जण गैरहजर राहून देतात.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांस अर्पण केली, कारण त्यांनी काळ्या लोकांस दास्यातून सोडविले. त्या देशाचा पुढचा हिशोबही पाहण्यासारखा आहे. काळ्या पुरुषास मत १८७०, बाईस मत १९२०. पण दक्षिणेतल्या काळ्या बाईस ते मत पेटीत टाकू देईपर्यंत १९६५ चा निराळा कायदा करावा लागला. गोऱ्या बायांच्या काही पुढारणींनी तिला 'तूर्त थांब' म्हटले, काळ्या पुरुषांच्या पुढाऱ्यांनीही म्हटले. आमच्याकडे हेच 'तूर्त थांब' मराठीत चालते: आधी समाजाचा प्रश्न, मग बायांचा; आधी कास्तकाराचा भाव, मग मजुरणीचा रोज.

तेव्हा काय करावे? एकेकट्याने विचारले तर साहेब पाठीवर हात ठेवून पुढे जातात. ग्रामसभेच्या आधी बायांची सभा घ्यावी असे ग्रामपंचायतीच्या कायद्यातच आहे. बहुतेक गावांत ती रजिस्टरात भरते, चावडीत भरत नाही. ती खरोखर भरवावी, आणि तीत बौद्धपुरा, मांगपुरा, माळीपुरा अशा साऱ्या पुऱ्यांच्या बाया एका सतरंजीवर बसाव्यात. भातकुलीस आता नगरपंचायत असल्याने ग्रामसभा नाही. तेथे वॉर्डावॉर्डांत बायांनी जमावे. दारूच्या दुकानाबद्दल तर कायद्याने बाईच्या मतास निराळी धार दिली आहे: चौथाई बायांनी अर्ज करावा, निम्म्याहून अधिक बाया मतदारांनी 'आडवी बाटली' करावी, दुकान बंद. उमेदवारास विचारावे, त्या दिवशी तू दुकानदाराच्या मोटारीत असशील की आमच्या रांगेत?

आणखीही विचारावे. शेवटच्या तोटीला पाणी केव्हा, महिना सांग. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही दबावाने घेतली तर तू कोणाकडे बोलशील? तुझ्या स्वतःच्या सातबाऱ्यावर बायकोचे, बहिणीचे नाव आहे काय? राखीव जागेवरची सरपंचबाई खुर्चीवर बसेल की तिचा नवरा? दलित वस्तीवर हात पडला तर चोवीस तासांत येशील काय, आरोपी कोणत्याही जातीचा असो?

पौषात ऋणमोचनास जत्रा भरते. गाडगेबाबांनी घाट बांधविला त्याच पूर्णेच्या काठी साऱ्या तालुक्याच्या बाया रविवारी जमतात, आणि हल्ली पुढाऱ्यांचे फलकही तेथे लागतात. फलकाखाली साहेब स्वतः उभे असले तर हे सवाल तेथेच करावेत. शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलीच्या हाती वही द्यावी. साहेब बोलतील ते तिने जसेच्या तसे उतरून घ्यावे, खाली तारीख घालावी, आणि "नंतर पाहू" असे उत्तर आले तर तेही लिहावे.